छातीवर बांधलेले दोन पट्टे

दादाने पुण्यात नवी सायकल घेतली तेव्हा जुनी मला पाठवून दिली. ट्रकवाल्याने ती गावाबाहेरच्या ढाब्यावर उतरवली. बाबा आणि मी जाऊन ती हाताने ढकलत घरी आणली, कारण सडक अर्जुनीच्या भर वस्तीतून तिच्यावर बसून येण्याची माझी हिंमत नव्हती. हँडलला एक पिशवी बांधलेली होती. तिच्यात हवा भरायचा पंप, नट आवळायचे दोन पाने आणि एक करडा पट्टा निघाला. पट्ट्याचा मधला भाग कडक प्लास्टिकचा, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक, टोकाला हूक.

"तो छातीखाली बांधायचा," दादा फोनवर म्हणाला. "तुझे ठोके मोजून मोबाइलवर दाखवतो. किती दम लागलाय ते कळतं."

"दम लागला की कळतंच की."

"तुला कळत असेल. मला इथे पुण्यात बसून कसं कळणार?"

मी तेव्हा नागपूरहून इंजिनिअरिंग संपवून घरी परतले होते. कुणी विचारलं तर आई सांगायची, परीक्षांची तयारी करते. पुस्तकं टेबलावर होती हे खरं. पण आमच्याकडे शिकून घरी बसलेल्या मुलीची एकच तयारी चालू असते, आणि ती तिला स्वतःला करावी लागत नाही.

पाचवीपासून मी गोंदियाच्या इंग्रजी शाळेत, होस्टेलात राहून शिकले. मुली आपसात हिंदी बोलत आणि वर्गात इंग्रजी. दोन्हीत चूक व्हायची भीती वाटे, म्हणून मी कमी बोलायला शिकले. सुटीत घरी आले की आई म्हणायची, "कायले पुस्तकासारखी बोलून राहिली वो? पाहुनी आल्यासारखी वाटते." चेहऱ्यावर काही उमटू न देण्याची सवय मला त्याच वर्षांत लागली. रागावले तरी दिसायचं नाही, घाबरले तरी नाही. पुढे ती सवय उपयोगाची ठरली, म्हणून मी ती सोडली नाही.

पट्ट्यापुढे मात्र ती चालत नव्हती. पहाटे मी हायवे ओलांडून कोहमाऱ्याच्या फाट्यावरून नवेगाव बांधच्या रस्त्याला लागायचे. मोबाइल हँडलवर अडकवलेला असायचा. मागून ट्रकने हॉर्न दिला की मला दचकल्याचं कळण्याआधी आकडा चढलेला असे. मोटरसायकलवरची दोन पोरं एकदा शेजारून जाताना म्हणाली, "ओ मॅडम, हेल्मेट डाल के कहाँ, दिल्ली?" मी समोर बघत राहिले, माझ्या मते अगदी शांत. आकडा बराच वेळ खाली आला नाही. माझ्या आतलं कुणीतरी पाहतं आहे आणि ते पाहणारी मीच आहे, एवढी एक गोष्ट त्या दिवसांत मला आवडत होती. पट्टा कुर्त्याच्या आत असायचा. कुणाला दिसत नसे.

मग पावसाळा संपत आला असताना ती गोष्ट घडली. रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलेलं होतं, आणि मी अगदी सावकाश चालवत होते. छातीत काहीतरी उलटलं, जाळ्यातला मासा एकदा उलटतो तसं. मोबाइलवर पाहिलं तर आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. मी थांबले. सायकल आडवी ठेवून बांधावर बसले. आकडा तसाच. गळ्याशी काहीतरी फडफडत होतं आणि हात गार पडले होते. नंतर कुणी बटण दाबावं तसा तो एकदम खाली आला, आणि समोर पुन्हा धानाचं शेत होतं, बगळे होते, सगळं पूर्वीसारखं.

मी घरी येऊन इंटरनेटवर शोधलं. इंग्रजीत असल्या पट्ट्यांबद्दल लोकांनी किती लिहून ठेवलंय ते पाहून मला धीर आला. पट्टा कोरडा असला तर खोटे आकडे येतात. कुर्ता वाऱ्याने फडफडला तर येतात. सेल उतरला तर येतात. पट्टा सैल झाला, पट्ट्यात जुना घाम वाळला, विजेच्या मोठ्या तारांखालून गेलं, तरी येतात. परदेशातल्या कुण्या माणसाने लिहिलं होतं की त्याच्या पट्ट्याच्या हिशेबाने तो केव्हाच मेलेला आहे. मी एकटीच हसले. एवढी कारणं असताना आणखी एक कारण शोधायची काय गरज होती?

मी बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल घालून घेतला. पट्टा साबणाने धुऊन दोरीवर वाळत टाकला. आईने तो परकरांच्या मधोमध लटकलेला पाहिला.

"हा काय हाय वो? पोट आवरायचा पट्टा का?"

"ठोके मोजायचा आहे."

"कोनाचे?"

"माझे."

"तुयाच ठोक्यायले मोजायले मशीन लागते का?" आई म्हणाली. "आतमधी टाक. शेजारची इचारल तं मी काय सांगू?"

सेल बदलूनही आणि धुऊनही तेच दोनदा झालं. मी दादाला मेसेज केला की पट्टा खराब आहे. आठवड्याभरात त्याने नवा मागवून पाठवला. हा काळा होता, सगळा कापडाचा, मऊ. मध्ये फक्त एक छोटी डबी दोन चापांनी बसायची. सोबत मनगटाचं घड्याळ होतं, त्यातच आकडा दिसायचा.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी दोन्ही पट्टे एकावर एक बांधून सायकल चालवली. आज सांगताना विचित्र वाटतं, तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं. करडा वर, काळा खाली. करडा बरगडीला रुतायचा आणि घरी आल्यावर त्याची लाल रेघ दुपारपर्यंत राहायची. काळा अंगाला कळायचाही नाही, पण घाम आल्याशिवाय जागा व्हायचा नाही. थंडीत कातडी कोरडी पडली की सुरुवातीला तो वाटेल ते दाखवायचा, म्हणून मी त्याला पाण्याने भिजवून बांधायचे, आणि पहाटेच्या धुक्यात ते ओलं कापड छातीला लागलं की श्वास अडकायचा. करडा थुंकीवरही चालायचा. काळा रोज धुवावा लागे, नाहीतर वास मारायचा. करड्याला नुसतं पुसलं की झालं. दोघांचे आकडे एकमेकांच्या मागेपुढे चालत. चढावर करडा आधी चढे, उतारावर काळा आधी उतरे. पण एकूण दोघांचं एकमेकांशी पटत होतं.

आणि पुन्हा तो मासा उलटला. करड्याने दोनशे वीसच्या आसपासचा आकडा दाखवला. काळ्याने आकडाच दाखवला नाही. घड्याळात नुसत्या दोन आडव्या रेघा.

मी त्या रेघांकडे पाहत राहिले. मला त्यांचा अर्थ 'माहीत नाही' असा लागायला हवा होता. मी तो 'काही नाही' असा लावला. नवा पट्टा चांगला, जुना वाईट. त्याच संध्याकाळी मी दादाला तसं कळवलं, दोघांची तुलना चांगली मुद्देसूद लिहून, इंग्रजीत.

दादाचा फोन मला नाही, बाबांना आला.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आवाज मोठा करून बोलायची सवय, आणि फोनचा आवाजही मोठा. त्यामुळे दादाचं बोलणं आईने स्वयंपाकघरातून ऐकलं. "तिचा एक ईसीजी काढून घ्या," असं तो म्हणत होता.

आईच्या हातात भाताचा कुकर होता. तिने तो खाली ठेवला. "कोनाचा काढायचा?"

तिला सगळं सांगावं लागलं. मी कमीत कमी शब्दांत सांगितलं. आई माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाली, "इथच्या दवाखान्यात नेऊ नका. तिथं मशीन कोन चालवते, माहीत हाय ना तुमाले?"

माहीत होतं. आत्याने साकोलीकडचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा बँकेत. एकुलता एक, घरचे शिकलेले, विहारात नेमाने जाणारे. आत्याने आईला तीनदा फोनवर सांगितलं होतं की असं स्थळ हातचं जाऊ देऊ नका. आमच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढणारे गृहस्थ त्या मुलाचे लांबचे मामा लागत होते. धानाची कापणी आटोपली की मंडळी मला पाहायला येणार होती.

"पोरीच्या हृदयात काई हाय, येवढं कोनी म्हटलं तरी पुरते," आई म्हणाली. "मंग खरं का खोटं, कोन पाहते?"

बाबांनी फोन खिशात ठेवला. जरा वेळाने म्हणाले, "आधी पट्टा तपासू."

आमच्या घरी ही पद्धत फार जुनी होती. लहानपणी मला ताप आला की बाबा थर्मामीटर माझ्या काखेतून काढून, झटकून, स्वतःच्या काखेत लावायचे. त्यांचा पारा तापापर्यंत चढला नाही तरच माझा ताप खरा. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहायचे. शाळेतलं नवं घड्याळ आलं की दोन दिवस घरच्या घड्याळाशेजारी ठेवायचे. यंत्राची परीक्षा धडधाकट माणसावर करायची, आजाऱ्यावर नाही, असं ते म्हणत. यात चूक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आताही वाटत नाही. फक्त त्या दिवशी आम्ही तिघंही एकाच उत्तरासाठी परीक्षा घेत होतो, आणि परीक्षेला ते माहीत नव्हतं.

रविवार होता. बाबांनी दोन्ही पट्टे आतल्या खोलीत जाऊन बांधले आणि बनियन घालून अंगणात आले. मोबाइल माझ्या हातात दिला, घड्याळ मनगटाला बांधलं. मग ते अंगणात चालायला लागले, आधी हळू, मग जोरात, मग ओट्यापासून फाटकापर्यंत धावत. मध्येच थांबून मनगटावर बोटं ठेवून शाळेतल्या पीटीच्या मास्तरसारखे मोजायचे.

"किती?"

मी सांगितलं.

"माझंही तेवढंच. काळा?"

"तेवढाच."

"पुन्हा."

आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "तुमी मास्तर. तुमचं मशीनही आयकते. मले बांधा."

"तू कशाला?"

"बाईच्या अंगावर बिघडत असल तं?"

मी तिला आत नेऊन पट्टे बांधून दिले. आईच्या छातीला माझा हात लागायची वेळ शाळेत जायच्या आधीच कधीतरी संपली होती. ब्लाउजच्या खाली, थोडं सैल करून, पाण्याचा हात लावून. तिला गुदगुल्या झाल्या. "हळू वो, माय!" ती हसली, आणि मीही हसले. पदर नीट करून ती बाहेर आली, विहिरीवरून दोन बादल्या आणल्या, अंगण झाडलं, आणि दर वेळी मला विचारायची, "किती झालं? धावते का?" मोबाइलवरचा आकडा तिच्या मागे मागे गुणी जनावरासारखा चालत होता. झाडलं की वर, बसली की खाली. काळ्याचाही तोच.

शेवटी ती धापा टाकत बसली आणि म्हणाली, "मायावर तं बरोबर चालते."

ते वाक्य बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं असावं. बाबांनी घड्याळ सोडून ओट्यावर ठेवलं. आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. खडे नव्हतेच त्यात, आधीच निवडून झाले होते. मी पट्टे धुवायला घेऊन गेले. पट्टा बिघडलेला नाही, असं आमच्यापैकी कुणी म्हणालं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. आत्याला सांगितलं, साड्या घ्यायला. तिथल्या दवाखान्यात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, छातीला नळी लावून पाहिली, आणि सगळं ठीक आहे म्हणाले. आईने डोळे मिटून घेतले. मी मोबाइलवरचा आलेख पुढे केला. डॉक्टरांनी चष्मा वर करून तो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि म्हणाले, "यावरून मी काही लिहून देऊ शकत नाही. पण हे होत असताना ईसीजी निघाला पाहिजे. एरवी काढून उपयोग नाही. पुन्हा झालं की जवळच्या दवाखान्यात जा, लगेच."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "ठीक हाय म्हणले ना?"

"पुढचंही म्हणाले काहीतरी," बाबा म्हणाले.

"ठीक हाय म्हणले." आणि मग आम्ही खरंच साडी घेतली, मोरपंखी रंगाची, मला पाहायला येतील त्या दिवसासाठी. काउंटरवरच्या मुलीने ती माझ्या खांद्यावर टाकून दाखवली. आरशात आई माझ्या मागे उभी होती आणि साडीकडे नाही, माझ्या गळ्याकडे बघत होती.

दिवस ठरला. येता रविवार. आईने मला सायकल बंद कर असं सांगितलं नाही. ती म्हणाली, "थंडी लय पडून राहिली, काऊन जाते?" त्यातच सगळं होतं. मी गेलेच. का गेले, ते मला नीट सांगता येत नाही. एकटीने असण्याची तेवढीच एक जागा होती, आणि लग्न ठरलं तर ती जाणारच होती.

त्या बुधवारी बाबाही निघाले. म्हणाले, नवेगावहून मासोळी आणायची आहे. त्यांनी स्कूटर काढली आणि माझ्या मागे, माझ्याच वेगाने, पहिल्या गिअरवर यायला लागले. स्कूटरला ते सोसवत नव्हतं. ती दर थोड्या वेळाने खाकरायची. मी मागे वळून म्हटलं, "बाबा, पुढे व्हा ना."

"तू चालव."

"लोक बघतात."

"धुक्यात कोण बघते? चालव तू."

धुकं होतंच. कापलेल्या धानाच्या शेतांत नुसते बुडखे उरले होते. जंगलाचा पट्टा संपून उजाडलं तेव्हा माझ्या छातीत ते उलटलं. मी काही केलं नाही, हात वर केला नाही, हाक मारली नाही. फक्त पाय थांबले. बाबांनी लगेच स्कूटर आडवी घातली.

"झालं का?"

मी मान हलवली. मोबाइल पुढे केला. त्यांनी तो पाहिला नाही. त्यांनी माझा हात धरला, स्वेटरची बाही वर सारली, आणि मनगटावर तीन बोटं ठेवली. त्यांची बोटं खडूने कायमची खरखरीत झालेली होती. डोळे घड्याळावर. ओठ हलायला लागले, आणि थांबले. पुन्हा सुरू झाले. पुन्हा थांबले. मग त्यांनी बोटं माझ्या गळ्यावर ठेवली.

"मोजता येत नाही," ते म्हणाले. गणिताचे मास्तर होते ते. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. "बस मागे."

"होईल कमी. होतं."

"कमी व्हायच्या आत जायचं आहे. बस."

सायकल तिथेच एका झाडाला टेकवली. मागे बसल्यावर मला भोवळ आली, म्हणून मी डोकं त्यांच्या पाठीला लावलं. हायवेला आलो तेव्हा ते क्षणभर थांबले. डावीकडे नागपूर होतं, ट्रकांची रांग लागलेली. तितक्या लांब माझी धडधड टिकली नसती, आणि टिकली असती तर आणखी वाईट. मला वाटत होतं त्यांनी घरी न्यावं. ते सरळ सरकारी दवाखान्यात गेले.

आत नेल्यावर नर्सबाईंनी स्वेटर काढायला सांगितला, पडदा ओढला, कुर्ता वर केला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे काय बांधून ठेवलं? दोन-दोन!" त्यांना पट्ट्यांचे हूक सापडेनात. मीच सोडून दिले. करड्याची लाल रेघ उठलेली होती. त्यांनी थंड चिकट मलम लावून छातीवर रबराच्या वाट्या बसवल्या. पडद्याच्या पलीकडे ते गृहस्थ, मुलाचे मामा, मशीनजवळ उभे होते. त्यांचे पाय दिसत होते, काळ्या सँडल आणि पांढरे मोजे. मशीन करकरलं आणि कागद बाहेर यायला लागला. मी छताकडे पाहत होते. तिथे पंख्यावर जाळं होतं.

डॉक्टर तरुण होते. कागद पाहून म्हणाले, "सापडलं." मग मला बसवून, नाक दाबून, तोंड मिटून जोर लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी ते एकदम थांबलं, आणि मी शांत झाले. इतकी शांत की मला रडू आलं. नागपूरला जाऊन आतून तार घालून यावर इलाज होतो, लगेच जिवाला भीती नाही, पण सोडून देऊ नका, असं डॉक्टरांनी बाबांना सांगितलं. ईसीजीचा कागद त्यांच्याकडे दिला.

आम्ही निघत होतो तेव्हा ते गृहस्थ व्हरांड्यात आले. बाबांपेक्षा वयाने लहान. हात जोडून म्हणाले, "जयभीम, गुरुजी. काळजी नका करू. मी काई पायलं नाई."

बाबा त्यांच्याकडे वळले. "पाहिलं ना तुम्ही."

"हो, पन..."

"मग कोणी विचारलं तर पाहिलं म्हणून सांगा."

मला बाबांचा राग आला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तो माणूस चांगल्या मनाने एक दार लोटून घेत होता आणि बाबांनी ते उघडं ठेवलं. ते दार माझं होतं. त्यांनी मला विचारायला हवं होतं. माझ्या चेहऱ्यावर अर्थातच काही दिसलं नसेल, आणि आता पट्टेही अंगावर नव्हते.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. तिने आवाज चढवला नाही.

"नागपूरले नेलं असतं तं काय झालं असतं?"

"टिकलं नसतं तिथवर."

"कोन, पोरगी?"

"धडधड," बाबा म्हणाले.

"मंग? नसती टिकली तं काय बिघडलं असतं? कागद नसता निघाला, येवढंच ना?"

बाबांनी पायात चपला सरकवल्या. सायकल आणायला जातो म्हणून निघून गेले.

आत्याचा फोन शुक्रवारी आला. आई नुसतं "हो" आणि "बरं" म्हणत होती. मुलाला सुटी मिळत नाही. पुढचं कळवतील. "कळवतील म्हणे," एवढंच आईने आम्हाला सांगितलं आणि कपाट उघडून साडीवरचा कागद काढून पुन्हा लावला, कपाट बंद केलं. कुणी कळवलं नाही. आम्ही विचारलंही नाही. आत्या त्या वर्षी विहारातल्या कार्यक्रमाला आली तेव्हा माझ्याशी खूप प्रेमाने बोलली, जशी लोक आजाऱ्याशी बोलतात तशी.

ठरलेला रविवार मात्र आला. कुणी येणार नव्हतं तरी आईने पहाटे उठून अंगण सारवलं, ओटा धुतला. दुपारी जेवण झाल्यावर बाबा झोपले आणि मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले. आई आली आणि माझ्याजवळ पलंगावर बसली. हात मांडीवर, बोटांना अजून शेण-मातीचा वास.

"दुखते का वो?" तिने विचारलं.

इतक्या महिन्यांत पट्टा कोणता बरा, सेल केव्हा घातला, डॉक्टर काय म्हणाले, कुणाला कळलं, हे सगळं विचारून झालं होतं. मी स्वतःलाही तेच विचारत होते.

"दुखत नाही," मी म्हटलं. "फक्त धावतं."

"कोठी धावते बाप्पा येवढं," आई म्हणाली, आणि तिने आपला हात माझ्या कुर्त्यावर ठेवला. मी तो काढला नाही. आतमध्ये ते नेहमीच्या चालीने चाललं होतं, आणि ती डोळे मिटून, एकही न मोजता, ऐकत राहिली.